वर्कशॉपची लाइट: आधी चर खणा, मग मशीन आणा

दोन अंकांपूर्वी घरच्या सुतारकामावर लिहिलं आणि तेव्हापासून जी पत्रं येतायत ती रंध्याबद्दल नाहीत, करवतीबद्दल नाहीत, सगळी लाइटबद्दल. लोड किती घेऊ, वायर कुठली ओढू, सारखं ट्रिप का होतं. म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्यालाच. पत्रं लांबलचक होती ती छाटलीत, नावं काढलीत, फक्त गाव ठेवलंय.

प्रश्न (वाई): नुकताच रिटायर झालोय, घराच्या मागे पत्र्याची शेड बांधतोय, घरातल्या मीटरपासून अंदाजे 30 मीटर. लाकूडकाम हा छंद, विकायचं काही नाही. 2 एचपीची टेबल सॉ घेतली आहे, 1 एचपीचा डस्ट कलेक्टर आणि 2 एचपीचा कॉम्प्रेसर घ्यायचाय, छोटं लाकडाचं लेथ आणि ड्रिल आधीपासून आहे. घरी सिंगल फेज आहे. आमचा वायरमन म्हणतो थ्री फेज कशाला, किचनच्या 16 अँपिअरच्या पॉइंटवरून अडीचची वायर ओढतो, अर्थिंग घरातलंच चालेल, दोन दिवसांत काम. करू का?

उत्तर: नका करू. तुमचा वायरमन वाईट माणूस नाही, पण तो मशीन चालू असतानाचा हिशोब करतोय आणि मशीन सुरू होतानाचा विसरतोय, आणि गंमत म्हणजे बहुतेक सगळे तिथंच फसतात.

आधी साधा हिशोब. 1 एचपी म्हणजे 746 वॅट, पण ते शाफ्टवर मिळणारं काम, तारेतून येणारी वीज त्यापेक्षा जास्त, कारण सिंगल फेजची मोटर काही अगदी कार्यक्षम प्राणी नाही. 2 एचपीची मोटर 230 व्होल्टवर फुल लोडला साधारण 11 अँपिअर घेते असं धरा, 1 एचपीची 6. आता शेडमध्ये तुम्ही एकटेच, हात दोनच, त्यामुळे सगळ्या मशीनची बेरीज करायची नाही, एका वेळी काय चालेल ते बघायचं. सॉ चालू, तिच्याबरोबर कलेक्टर चालूच असणार, आणि कॉम्प्रेसर तुम्हाला न विचारता मध्येच कट-इन होतो. 11, 6 आणि 11 मिळून 28, लाइट-पंखे धरून 30 अँपिअर. इकडे घरात कुणीतरी गीझर लावला की 9, एसी असेल तर आणखी 7-8. म्हणजे मीटरवर 45 च्या आसपास जाऊ शकतं. तुमच्या बिलावर मंजूर भार किती लिहिलाय ते बघा, जुन्या घरांना तो एक-दोन किलोवॅटच असतो आणि कुणी कधी बघितलेलाच नसतो.

आता सुरू होतानाचं. मोटर स्टार्ट होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते, म्हणजे तुमची सॉ 55 ते 65 अँपिअर. अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला 7.4 ओहम, 30 मीटर जायचं आणि 30 यायचं, म्हणून 60 मीटरला 0.44 ओहम. 60 अँपिअरने गुणा, 26 व्होल्ट वायरीतच गेले. संध्याकाळी गावात आधीच 205-210 व्होल्ट येत असेल तर मोटरपर्यंत 180 पोचतात, मोटर गुरगुरते, वेग घेत नाही, कपॅसिटर फुगतो, आणि आपण दुकानदाराला शिव्या घालतो की मशीन डुप्लिकेट दिलं. माझ्या स्वतःच्या पहिल्या शेडमध्ये मी हेच केलं होतं, तीन कपॅसिटर बदलल्यावर डोक्यात प्रकाश पडला. तेच 6 ची वायर घेतली तर ड्रॉप 11 व्होल्टवर येतो, 10 ची घेतली तर 6-7 वर. मी तुमच्या जागी असतो तर 10 ची तांब्याची नाहीतर 16 ची अ‍ॅल्युमिनियमची आर्मर्ड केबल टाकली असती, दोघींचा रेझिस्टन्स जवळपास सारखा, अ‍ॅल्युमिनियम स्वस्त, फक्त तांब्याला जोडताना बायमेटल लग वापरायला सांगा, नुसतं पिळून टेप मारलेला जॉइंट दोन पावसाळ्यांत जळतो.

आणि केबल चार कोअरची टाका. आज सिंगल फेजच वापरणार असाल तरी. कारण केबलमध्ये महाग केबल नसते, महाग चर असतो, 75 सेंटिमीटर खोल खणायचा, खाली वाळू, वर वाळू, त्यावर विटा, मग माती, म्हणजे पुढे कुणी आंब्याला आळं करताना पहार घातली तर आधी वीट लागते. दोन कोअर आज वापरा, दोन बंद करून ठेवा. तीन वर्षांनी प्लेनर घ्यावासा वाटला (वाटणारच) आणि थ्री फेज घेतलं तर अंगण पुन्हा उकरावं लागणार नाही.

थ्री फेज आत्ताच घ्यावं का? तुमची सगळ्यात मोठी मोटर 2 एचपी आहे, ती सिंगल फेजवर आरामात चालते. घरात एसी नसेल तर लोड वाढवून घ्या आणि सिंगलवरच राहा, थ्री फेजला महिन्याचा स्थिर आकार जास्त लागतो, छंदासाठी तो कशाला. घरात एक-दोन एसी असतील किंवा पुढे 3 एचपीच्या वरचं काही यायचं असेल तर मात्र थ्री फेज, एक फेज घराला, एक एसीला, एक शेडला असं वाटता येतं, सॉ सुरू झाली की हॉलमधला दिवा मिचकावत नाही आणि घरच्यांची बोलणी कमी. एक सावधगिरी, थ्री फेजमध्ये न्यूट्रल कुठं सुटला तर 230 च्या पॉइंटवर 300-350 व्होल्टसुद्धा येऊ शकतात, टीव्ही-फ्रिज एका झटक्यात जातात, म्हणून मेनला ओव्हर व्होल्टेज कट-ऑफ बसवाच. लोड वाढवण्याचा अर्ज महावितरणला ऑनलाइन करता येतो, त्याला लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट लागतो, तेव्हा वायरमन निवडताना हे आधी विचारा.

आता अर्थिंग, आणि इथं जरा थांबून वाचा. लोकांना वाटतं अर्थिंग चांगलं असलं की शॉक बसत नाही, एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडेल. समजा सॉच्या बॉडीला फेज लागला आणि तुमच्या अर्थ पिटचा रेझिस्टन्स 5 ओहम आहे, जो गावाकडे चांगलाच म्हणायचा. 230 भागिले 5, करंट 46 अँपिअर. सी कर्व्हचा, म्हणजे मोटरचा सुरुवातीचा झटका सोसणारा, 20 चा एमसीबी झटक्यात पडायला 100 ते 200 अँपिअर लागतात. म्हणजे तो पडतच नाही, निवांत गरम होत बसतो, अर्धा-पाऊण मिनिट किंवा जास्त, आणि तेवढा वेळ सॉचं लोखंडी टेबल जवळपास पूर्ण व्होल्टेजवर, वर तुमचे दोन्ही हात. म्हणून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी पाहिजेच, अर्थिंगच्या ऐवजी नाही, अर्थिंगच्या जोडीला. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ताडून बघतो, 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की डोळ्याचं पातं लवायच्या आत बंद. शेडजवळ स्वतंत्र अर्थ पिट करा, आणि ते केबलबरोबर घरच्या अर्थलाही जोडून टाका. न्यूट्रललाच अर्थ म्हणून लूप मारायची जुनी खोड कुणी करत असेल तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

शेडमध्ये दाराशीच मेन स्विच आणि डीबी, म्हणजे सगळे एमसीबी बसवायची पेटी. लाइटचा एमसीबी वेगळा, आणि शक्य असेल तर लाइटला आरसीबीओसुद्धा (एमसीबी आणि आरसीसीबी एकाच डबीत) वेगळाच, सॉकेटच्या आरसीसीबीखाली लाइट टाकायचे नाहीत. कारण सॉ ट्रिप झाली तरी पातं आणखी दहा-पंधरा सेकंद फिरत असतं, त्या वेळी अंधार नको. त्याच कारणासाठी एक बॅटरीवाला इमर्जन्सी दिवा पण लावा, लाइट जायला आपल्याकडे काही मुहूर्त लागत नाही. कॉम्प्रेसरला स्वतंत्र लाइन, सॉला स्वतंत्र, मोटरच्या लाइनला एमसीबी सी कर्व्हचा, घरात बसवतात तो बी कर्व्हचा मोटर सुरू होतानाच उडतो आणि मग कुणीतरी शहाणा त्याजागी 32 चा बसवतो.

अजून एक, जे दुकानदार सांगत नाही. लाइट गेली, तुम्ही सॉवरचं लाकूड तसंच ठेवून चहाला गेलात, स्विच ऑनच राहिला, वीस मिनिटांनी लाइट आली, सॉ आपोआप सुरू. शेतीपंपाला जसा हिरवं-लाल बटणवाला डीओएल स्टार्टर असतो तसा सॉला लावा, त्यातली कॉइल लाइट गेली की सुटते आणि तुम्ही स्वतः हिरवं बटण दाबेपर्यंत मशीन सुरू होत नाही, शिवाय ओव्हरलोड रिले मोटरही वाचवतो.

सॉकेट कमरेच्या वर, साडेचार फुटांवर घ्या, नाहीतर भिंतीला टेकवलेल्या प्लायच्या मागे सगळे पॉइंट गडप होतात. लेथवर उजेड देताना स्वस्तातली एलईडी ट्यूब नको, काही ट्यूब सेकंदाला 100 वेळा मिचकावतात, आपल्याला दिसत नाही पण ठरावीक वेगाला फिरणारं लाकूड थांबल्यासारखं दिसतं आणि माणूस हात घालतो. मोबाइलचा कॅमेरा ट्यूबवर धरा, स्क्रीनवर जाड पट्टे पळताना दिसले तर परत करा.

प्रश्न (कोल्हापूर): काका, मी 24 वर्षांचा आहे, आयटीआय केलंय, घराच्या पार्किंगमध्ये 200 अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेतलंय. 16 च्या प्लगचा टॉप दोनदा वितळला. दुसरं म्हणजे आता गेट-ग्रिलच्या छोट्या ऑर्डर येतायत, घरच्या मीटरवर चालेल का?

उत्तर: प्लगची चूक नाही रे बाबा, त्याच्यावर तू बैल जुंपलायस. 12 नंबरचा रॉड तू 80-90 वर जाळतोस तोपर्यंत ठीक, पण 10 नंबरचा लावून 120 ला नेलास की आर्कला साधारण 25 व्होल्ट, म्हणजे 3 किलोवॅट नुसते आर्कमध्ये, मशीनचा लॉस आणि खराब पॉवर फॅक्टर धरला की भिंतीतून 20-24 अँपिअर येतात. 200 वर नेलंस तर 30 च्या पुढे. 16 चा टॉप वितळणार नाही तर काय करणार. 32 अँपिअरचं इंडस्ट्रियल सॉकेट, तो निळा गोल प्लगवाला, स्वतंत्र 6 ची वायर थेट डीबीतून, 32 चा सी कर्व्ह एमसीबी. आणि एक्स्टेन्शनचं रीळ वापरत असशील तर पूर्ण उलगडून वापर, गुंडाळलेल्या रिळात उष्णता कोंडते आणि आतली वेटोळी एकमेकांना चिकटतात.

ऑर्डरचं म्हणशील तर, घरगुती मीटरवर धंदा हा वीज कायदा 2003 च्या कलम 126 मध्ये अनधिकृत वापर धरला जातो आणि बिल त्या वापराच्या दराच्या दुप्पट लावतात, मागच्या काळासकट. महावितरणच्या दरांत घराच्या काही भागात छोटा व्यवसाय करणाऱ्याला महिन्याला 300 आणि वर्षाला 3600 युनिटच्या आत घरगुती दरात राहू देण्याची सवलत दिलेली आहे, चालू दर-आदेशात ती काय अटींनी आहे ते उपविभागात जाऊन विचार, तोंडी उत्तरावर विसंबू नकोस. पण तुझा धंदा चालणार असं तुझ्या पत्रावरून दिसतंय, तर वेगळं औद्योगिक कनेक्शन घे. शेजारी तक्रार करतो ती आवाजाची असते आणि येतो तो मीटर तपासणारा.

प्रश्न (सांगोला, शेतवस्ती): जुनं लेथ मिळालंय, मोटर 3 एचपी थ्री फेज. वस्तीवर घराला सिंगल फेज आहे, विहिरीवर पंपाला थ्री फेज आहेच. पंपाच्या पेटीतून लाइन घेतली तर? नाहीतर कपॅसिटर लावून दोन फेजवर चालवू?

उत्तर: पंपाच्या पेटीतून नको. शेतीचा दर सवलतीचा असतो, त्यावर लेथ म्हणजे पुन्हा तेच कलम 126, आणि वरून त्या फीडरला थ्री फेज ठरलेले तासच येतं, कधी दिवसा कधी रात्री, तुम्ही काय रात्री दोनला टर्निंग करत बसणार? कपॅसिटरचं जुगाड पंपावर सगळ्यांनी केलंय, मीही बघितलंय, पण त्यात मोटर कमी ताकदीत चालते आणि एक कॉइल जास्त तापते, रिवाइंडिंगवाल्याची दिवाळी.

घरच्या सिंगल फेजवर व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह, बसवा. ड्राइव्ह 230 सिंगल फेज घेतो आणि थ्री फेज देतो, पण 230 चाच देतो, 415 चा नाही, आणि इथंच लोकांचे पैसे बुडतात. मोटरच्या प्लेटवर 230 डेल्टा / 400 किंवा 415 स्टार असं दोन्ही (मोटरच्या कॉइल जोडायच्या दोन पद्धती) लिहिलं असेल तर डेल्टात जोडा, काम झालं. नुसतं 415 लिहिलं असेल, जे आपल्याकडच्या 3 एचपीच्या मोटरला बहुतेक वेळा असतं, तर 230 वर तिला पूर्ण ताकद येत नाही. मग रिवाइंड करून 230 डेल्टा करून घ्या किंवा तशी मोटर शोधा. 3 एचपीचा ड्राइव्ह सिंगल फेजवरून फुल लोडला 20 च्या वर अँपिअर ओढतो, तेव्हा वाईच्या काकांना सांगितलेला सगळा वायरचा हिशोब तुम्हालाही लागू. बदल्यात लेथचा वेग नॉबने कमी-जास्त करता येतो, ते सुख वेगळंच. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये स्विच लावू नका, चालू असताना तो उघडला तर ड्राइव्ह उडतो.

प्रश्न (रत्नागिरी): तुम्ही नेहमी आरसीसीबी आरसीसीबी म्हणता. आमच्या शेडमध्ये बसवलाय, जून लागला की दिवसातून पाच वेळा पडतो. वायरमन म्हणतो काढून टाका, काम सुरळीत होईल. शिवाय इथल्या जांभ्यात अर्थिंगही नीट येत नाही.

उत्तर: कुत्रा भुंकतो म्हणून कुत्र्याला हाकलायचं असं झालं हे. कोकणातल्या पावसात काहीतरी खरंच लीक होतंय आणि तो तेच सांगतोय. सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर करत जा, ज्याला पडेल ती लाइन. मग त्या लाइनवरचे सगळे प्लग काढा आणि पुन्हा बघा, तरी पडत असेल तर वायर किंवा बोर्डात पाणी, नाहीतर एखादं मशीन. जुना ग्राइंडर, ओलं एक्स्टेन्शन आणि बाहेरच्या भिंतीवरचा बोर्ड हे माझे पहिले तीन संशयित. फक्त एमसीबी खाली करून लाइन तुटते ती फेजची, न्यूट्रल तशीच जोडलेली राहते, त्यामुळे न्यूट्रल कुठं अर्थला टेकली असेल तर या पद्धतीने सापडत नाही, तिथं मेगरवाला (वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर असलेला) माणूस बोलवा. कायमचा उपाय म्हणजे एका आरसीसीबीखाली सगळी शेड टाकण्याऐवजी प्रत्येक लाइनला आरसीबीओ, म्हणजे एक लाइन ओली झाली तर बाकीचं काम चालू राहतं.

जांभ्यात अर्थिंग नीट येत नाही ही तुमची तक्रार खरी आहे. एका खोल खड्ड्यासाठी कातळ फोडण्यापेक्षा जिथं माती आहे, विहिरीच्या किंवा नारळाच्या बाजूला, तिथं दोन-तीन इलेक्ट्रोड अंतर ठेवून लावा आणि एकत्र जोडा. पावसाळ्यात रीडिंग छान येतं म्हणून खुश होऊ नका, मे महिन्यात मोजा. आणि आरसीसीबीवरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा, पडला नाही तर बदला.

प्रश्न (नागपूर): मी मातीची भांडी करते, 6 किलोवॅटची इलेक्ट्रिक भट्टी घेतली. मोटर नाही, म्हणजे स्टार्टिंगचा त्रास नाही, तरी 32 चा एमसीबी मे महिन्यात तीन-चार तासांनी पडतो. हिवाळ्यात कधी पडला नव्हता.

उत्तर: तुमचं निरीक्षण एकदम बरोबर आहे ताई, ऋतूचाच दोष. 6 किलोवॅट म्हणजे 26 अँपिअर, भट्टी तासन्‌तास ओढते, आणि एमसीबीवर लिहिलेले 32 हे 30 डिग्री तापमानाला धरलेले असतात. नागपूरचा मे, पत्र्याखालची खोली, शेजारी भट्टी, बंद डीबीत सहज 55-60 डिग्री होत असतील, तिथं तो 32 चा एमसीबी 26-27 लाच थकतो. आधी डीबी भट्टीपासून लांब, सावलीच्या भिंतीवर हलवा, भट्टीच्या एमसीबीच्या दोन्ही बाजूंना एकेक जागा रिकामी सोडा. त्याचे स्क्रू पण बघा, ढिल्या स्क्रूखाली वायर तापते आणि ती उष्णता थेट एमसीबीत जाते, वायरचं टोक काळं पडलं असेल तर कापून नवीन लग लावा. लाइन 10 ची तांब्याची असेल तर 40 चा एमसीबी बसवायला हरकत नाही, 4 ची किंवा 6 ची असेल तर अजिबात नाही, त्या उन्हाळ्यात वायरची क्षमताही तशीच उतरलेली असते. पुढची भट्टी घ्याल तेव्हा थ्री फेजची घ्या, प्रत्येक फेजवर 2 किलोवॅट म्हणजे जेमतेम 9 अँपिअर, मे काय आणि डिसेंबर काय.